जुन्या हायब्रिडचे भाग नव्या सिटी बाइकच्या फ्रेमवर बसतील का? आणि फ्रेम चांगली आहे हे ओळखायचं कसं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे दहा वर्षांची हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) आहे: ७००सी मापाची चाकं, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे), पुढे तीन आणि मागे आठ गिअर. आता स्टीलची नवी सिटी फ्रेम पाहिली आहे, सोबत चिमटाही (पुढचं चाक धरणारा फोर्क) येतो. फ्रेम डिस्क ब्रेकसाठी (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला, म्हणजे रोटरला, दाबणारे) आहे, मागे १४२ बाय १२चा थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा; १४२ मिमी रुंदी, १२ मिमी जाडी) आहे, केबल हेडसेटमधून (चिमटा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमधून) आत जातात. पुण्यात कोथरूड ते कॅम्प रोज जायचंय, पावसाळ्यातही, मागे बॅगा लावून.

थेट सांगतो. चाकं बसणार नाहीत, व्ही-ब्रेक बसणार नाहीत. क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढची दातेरी चक्रं) मोजून बघावा लागेल. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), हँडल, सीट, पेडल बहुतेक चालतील. ब्रेकचे लिव्हरही चालतील, ते कसं ते पुढे सांगतो. फ्रेमच्या रचनेतल्या दोन गोष्टी मात्र फोटो बघूनच खटकल्या.

सुरुवात चाकापासून करा, कारण सगळ्यात मोठा खर्च तिथेच आहे. तुमचं मागचं हब (चाकाचा मधला भाग) बहुधा १३५ मिमीचं असेल. फ्रेमला १४२ हवंय. ७ मिमीचा फरक दिसतो, पण १४२च्या फ्रेमला दोन्ही बाजूंना आतून साडेतीन-साडेतीन मिमीची खोबण असते आणि हबची टोकं तिच्यात बसतात. म्हणजे मधली जागा तीच, १३५. म्हणून काही हबची टोकं बदलून दोन्हीकडे जमवता येतं. तुमच्या छर्रे आणि कोन असलेल्या जुन्या हबचा ॲक्सल मात्र जेमतेम १० मिमी जाडीचा आहे, त्यातून १२ मिमीचा दांडा कसा जाणार? शिवाय व्ही-ब्रेकच्या हबला डिस्कचा रोटर लावायला जागाच नसते. दुकानात कुणी "फ्रेम थोडी ओढून बसवतो" म्हणालं तर थांबवा. जुनी स्टीलची फ्रेम १२६वरून १३०ला ओढणं हा चालणारा प्रकार आहे, पण थ्रू-ॲक्सलला त्याचा उपयोग नाही. ॲल्युमिनिअमच्या फ्रेमवर तर तसा प्रयोग कुणालाच करू देऊ नका, ती पुढे कधीतरी चिरते.

मागचे आठ गिअर नव्या चाकावर जातील का, हे घरीच कळेल. चाक काढा, ॲक्सल हातात धरा आणि दातेरी चक्रं उलटी फिरवा. पाना बसवायच्या खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट आहे, काढून नव्या हबवर चढवता येईल. खाचा जागेवरच राहिल्या आणि चक्रं त्यांच्याभोवती फिरली तर ते आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील आहे, त्याचा नव्या चाकाला उपयोग नाही.

नवी चाकं घ्यायचीच आहेत तर मापाचा पुन्हा विचार करा. डिस्क ब्रेकचा रिमशी संबंध नसतो, त्यामुळे ७००सी म्हणजे ६२२ मिमीच्या रिमऐवजी ६५०बी, म्हणजे ५८४ची रिमही चालते. ६५०बीवर ४७ मिमीचा टायर चढवला की बाहेरचा व्यास ७००सीवरच्या २८ मिमीच्या टायरइतकाच होतो. पेडलची जमिनीपासूनची उंची मात्र तपासा, फ्रेम ७००सीच्या जाड टायरसाठी आखली असेल तर सायकल खाली बसेल. मी रोज ६५०बीवरच फिरतो आणि पुण्यातल्या खड्ड्यांसाठी मला ते फार पटलंय. विक्रेत्याला "किती मिमीचा टायर बसतो" एवढंच विचारू नका, "मडगार्ड लावून किती" असं विचारा.

ब्रेकचे लिव्हर. व्ही-ब्रेकचा लिव्हर केबल जास्त लांब ओढतो, आणि माउंटन बाइकसाठीच्या केबलवर चालणाऱ्या डिस्क कॅलिपरला (रोटरला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) तेवढीच ओढ लागते. त्यामुळे तसे कॅलिपर घेतले तर तुमचे जुने लिव्हर तसेच राहतात, आणि शिफ्टर त्यांना जोडूनच आलेले असतील तर तेही. रोड बाइकसाठीचे कॅलिपर मात्र चुकूनही घेऊ नका, ओढ जुळत नाही. फ्रेमवर कॅलिपर कोणत्या पद्धतीने बसतो तेही बघा. पोस्ट माउंट असेल तर दोन बोल्टांमध्ये ७४ मिमी अंतर असतं. फ्लॅट माउंट असेल तर केबलचे पर्याय बरेच कमी होतात.

आता क्रँक. क्रँक जिच्यात फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीला आटे आहेत का आणि तिची रुंदी ६८ मिमी आहे का, हे आधी विचारा. दोन्ही होकारार्थी असेल तर तुमचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या बेअरिंगचा संच) आट्यांत बसेल. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तिथे नवशिके मेकॅनिक जोर लावून नळी खराब करतात. पण आट्यांत बसणं वेगळं आणि क्रँक मोकळा फिरणं वेगळं. जाड टायरला जागा मिळावी म्हणून नव्या फ्रेमच्या चेनस्टे (क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या नळ्या) बाहेर फुगवलेल्या असतात, आणि तुमचं मोठं चक्र, बहुधा ४८ दात्यांचं, नेमकं त्या फुगवट्याशी येतं. फ्रेम हातात आली की फक्त क्रँक बसवा, चेनशिवाय, आणि चक्र आणि नळी यांच्यामधून एक तार फिरवून बघा. ३ मिमीहून कमी फट मला चालत नाही, कारण चढावर उभं राहून जोर लावला की फ्रेम आणि क्रँक दोन्ही थोडे वाकतात.

पुढच्या डिरेल्युअरसाठी या फ्रेमला केबलची वाटच दिसत नाही. ती पुढे एकाच चक्रासाठी केलेली आहे. म्हणजे समजा पुढे ३८ आणि मागे ११ ते ३४ दाते. तुमच्या आत्ताच्या सायकलवर पुढे २८ आणि मागे ३२ असेल तर एका पेडल-फेरीत तुम्ही सुमारे १.९ मीटर पुढे जाता. नव्यावर सगळ्यात हलक्या गिअरलाही साधारण २.४ मीटर जाल. कोथरूड ते कॅम्प या वाटेला हे चालेल. रविवारी चांदणी चौकाच्या पुढे डोंगराकडे जात असाल तर भरल्या बॅगेसकट गुडघ्यांना फरक जाणवेल. मागचा डिरेल्युअर बदलायची वेळ आलीच तर शिमानोच्या ७, ८ आणि ९ स्पीडच्या माउंटन बाइकच्या डिरेल्युअरची केबल-ओढ सारखीच असते, त्यातला कोणताही तुमच्या शिफ्टरवर चालतो. १० स्पीडचा मात्र नाही.

आता रचनेबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सिटी बाइकची फ्रेम मी रिकामी बघतच नाही. मनात तिला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि दोन भरलेल्या बॅगा लावतो आणि मग बघतो. तुमच्या फोटोत मागचा कॅलिपर सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकापर्यंत उतरणाऱ्या नळीच्या) वर, बाहेरच्या बाजूला बसतो. कॅरिअरचा डावा पाय नेमका तिथूनच खाली जातो. माझ्या आधीच्या फ्रेमला हेच होतं. दिसायला सुंदर, वजनाला हलकी. कॅरिअर कॅलिपरला अडत होता म्हणून मी ५ मिमी जाडीचा लांब बोल्ट घेतला, मध्ये २० मिमीची नळी टाकली आणि पाय बाहेर ढकलला. दोन महिने छान चाललं. जुलैच्या एका संध्याकाळी म्हात्रे पुलावर खड्ड्यात चाक गेलं, टक्कन आवाज आला आणि कॅरिअर एका बाजूला कलंडून बॅग आऱ्यांना घासायला लागली. बोल्ट फ्रेमच्या आट्यांच्या अगदी तोंडाशी तुटला होता, अर्धा आतच राहिला. कॅरिअर फ्रेमला चिकटून असतो तेव्हा बोल्ट फक्त दाबून धरायचं काम करतो. पाय २० मिमी दूर गेला की प्रत्येक खड्ड्याला तोच बोल्ट वाकतो, आणि वाकून वाकून तुटतो. आतला तुकडा ड्रिलने काढताना त्या जागेचे आटेही गेले. हा दोष कॅरिअरचा नव्हता आणि बोल्टचाही नव्हता. फ्रेम आखणाऱ्याने कॅरिअरचा विचार केलेला नव्हता.

म्हणून कॅलिपर सीटस्टे आणि चेनस्टे यांच्या मधल्या त्रिकोणात, आतल्या बाजूला बसणारी फ्रेम शोधा. हीच फ्रेम घ्यायची असेल तर डिस्कसाठी मुद्दाम बाहेर वाकवलेल्या पायांचा कॅरिअर घ्या, नळ्या टाकून जुगाड करू नका.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे हेडसेटमधून आत जाणाऱ्या केबल. दिसायला स्वच्छ, मान्य. पण पावसात पुढच्या चाकावरून उडणारा चिखल चिमट्याच्या खालच्या बेअरिंगवर बसतो आणि सगळ्यात आधी तेच जातं. मी दर दिवाळीआधी ते उघडून पुसून ग्रीस भरतो, अर्ध्या तासाचं काम. केबल त्याच भोकातून जात असतील तर बेअरिंग बदलायला ब्रेक आणि गिअर सोडावे लागतात. ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर नळी तोडून पुन्हा ब्लीडिंग (आतली हवा काढणं). शिवाय काही फ्रेमना स्वतःचाच खास स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) लागतो, मग तुमचा जुना स्टेमही बाद. रोज चालवायच्या सायकलला खालच्या तिरक्या नळीवरून बाहेरून गेलेली केबल कितीतरी बरी, ती कुठल्याही गल्लीतल्या दुकानात बदलून मिळते.

बैठकीचं माप स्टॅक आणि रीच या दोन आकड्यांवरून बघा, सेंटिमीटरच्या "साइज"वरून नको. क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (चिमटा जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीच्या) वरच्या कडेपर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. जुनी सायकल भिंतीला समांतर उभी करा, दोन्ही बिंदूंपासून भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. जुन्या सायकलवर पाठ दुखत नसेल तर नवीन फ्रेमचा रीच तेवढाच किंवा थोडा कमी हवा. चेनस्टे ४५० मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल तर बॅगेला टाच लागत नाही. पेडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागत असेल तर सिग्नलला हळू वळताना पडायला होतं. पेडलच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत १० सेंटिमीटर मोकळे असावेत.

या सगळ्याला माझ्या मनात एक मापदंड आहे, आपली काळी सायकल. २८ बाय दीडची चाकं (रिम ६३५ मिमीची, ७००सीपेक्षाही मोठी), लांब मागची बाजू, पुढे झुकलेला चिमटा, ॲक्सलवरच घट्ट बसवलेला कॅरिअर, बंद चेनकेस. तिचे रॉड ब्रेक पावसात धड लागत नसत, वजन प्रचंड. पण पोतं लादलेलं असो की कुणी डबलसीट बसलेलं असो, ती वाकडी चालत नसे, आणि पँट काळी होत नसे. नव्या फ्रेमकडे बघताना मी विचारतो की हिच्यावर ते ओझं लादता येईल का.

मी तुमच्या जागी असतो तर ही फ्रेम घेतली नसती. चाकांची जोडी, रोटर, कॅलिपर, हेडसेट, खास कॅरिअर एवढं सगळं घेतल्यावर जुन्या सायकलचं वाचलं काय? शिफ्टर, लिव्हर, हँडल, सीट. त्याऐवजी मागे १३५ मिमीचं क्विक रिलीज (खटक्याने चाक सुटणारी पद्धत) आणि व्ही-ब्रेकच्या खुंट्या असलेली टूरिंगसारखी स्टीलची फ्रेम शोधा. तिच्यावर तुमची चाकं, ब्रेक, तीन बाय आठ गिअर जवळजवळ सगळं चढेल, आणि पुढेमागे तुम्हाला हवं ते बदलता येईल. तिची सीट-नळी २७.२ मिमीची आहे का ते आधी बघा, जुना सीटपोस्ट त्यावर अवलंबून आहे. आणि चिमट्याची वरची नळी सरळ सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे १ १/८ इंच असेल तर जुना स्टेमही बसेल.

फ्रेम कोणतीही घ्या, जुळणीआधी स्टीलच्या नळ्यांत आतून गंजरोधक तेल फिरवा आणि बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निघायचं भोक आहे ना ते बघा. डिरेल्युअरचा हँगर (तो ज्यावर लटकतो तो तुकडा) बदलता येणारा असेल तर त्याच मापाचा एक जास्तीचा त्याच दिवशी घेऊन ठेवा.

तुमच्या क्रँकवरच्या मोठ्या चक्रावर दात्यांचा आकडा कोरलेला असतो आणि बॉटम ब्रॅकेटवर बहुधा लांबी लिहिलेली असते, ११३ किंवा १२२.५ असं काहीतरी. ते दोन आकडे आणि फ्रेमच्या चेनस्टेचा वरून काढलेला फोटो इथे टाका, मग क्रँक नक्की बसेल की नाही ते सांगतो.