संकल्प मोडतो, नेम का टिकतो?

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून सांगलीतल्या एका सहकारी बँकेत नोकरी करते. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी संकल्प लिहिते. पहाटे पाचला उठणे, तासभर चालणे, महिन्याला दोन पुस्तके वाचणे, गोड कमी करणे, रोज डायरी लिहिणे आणि चिडचिड न करणे, ही यादी गेली कित्येक वर्षे जवळजवळ तशीच आहे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत त्यातले काहीही उरलेले नसते. याउलट माझ्या सासूबाई चातुर्मासात रोज शंभर वाती वळण्याचा नेम धरतात आणि तो मोडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. माझा निश्चयच कमी पडतो का? यंदा संकल्प करावा की सोडून द्यावा?

उत्तर : ताई, निश्चय नसलेली व्यक्ती इतकी वर्षे दर ३१ डिसेंबरला नव्याने लिहायला बसत नाही, तेव्हा तो दोष तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच घरात, हातात कापूस घेऊन बसलेले आहे.

माझी आईही वाती वळत असे. दुपारची भांडी मोरीत गेली की कापसाचा पितळी डबा बाहेर येई, बोटांना चिमूटभर राख लावून पहिली वात वळली जाई, आणि आज वळाव्यात की नाही असा विचार करताना मी तिला कधी पाहिले नाही. पाहुणे आले तर गप्पा चालत आणि हातही चालत. गावाला जायचे असेल तर डबा पिशवीतून बरोबर जाई. आषाढी एकादशीला धरलेला नेम कार्तिकी एकादशीला पुरा होई आणि त्याचे उद्यापन होई. त्यामागे श्रद्धा होती, हे खरेच. पण श्रद्धेच्या जोडीला नेमाची बांधणीही पक्की होती, आणि ती बांधणी कोणालाही उचलता येते. काम एकच आणि मोजता येण्याजोगे, ते करण्याची वेळ जेवणाला जोडलेली, जागा ठरलेली, साहित्य हाताशी, घरातल्या सगळ्यांना ठाऊक, आणि शेवटचा दिवस आधीच माहीत. कांदा-लसूण सोडणारी घरे कांदेनवमीला भजी करून टोपली रिकामी करतात, तीही याच शहाणपणाने. घरात कांदाच नसला की मोह आवरण्याचा प्रसंग रोज रोज येत नाही.

आता तुमच्या यादीकडे पाहू. त्यात सहा गोष्टी आहेत आणि सहाही एकाच दिवशी, मुदतीशिवाय सुरू होतात. ‘चिडचिड न करणे’ ही तर कृतीच नाही, कारण ती अमुक वाजता करून मोकळे होता येत नाही. शिवाय जानेवारी ते मार्च हा बँकेत वसुलीचा आणि वर्षअखेरीच्या धावपळीचा काळ. रात्री उशिरा निजणाऱ्या बाईने पाचला उठायचे ठरवले, तर ती झोपेतून कापून घेतलेली वेळ असते आणि शरीर ती फार दिवस देत नाही.

सवय २१ दिवसांत लागते असे आपण सगळीकडे ऐकतो. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली आपल्या रुग्णांविषयी लिहिले होते, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला त्यांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ हा शब्द गळाला आणि चेहऱ्याचा आकडा सगळ्या सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय निवडायला सांगून त्यांच्यावर १२ आठवडे लक्ष ठेवले. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, पण माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज होते). न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे लवकर जमले, व्यायामाला जास्त काळ लागला. म्हणजे तुम्ही संक्रांतीला स्वतःला नापास ठरवता तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. १ जानेवारीपासून मोजलेला ६६वा दिवस ७ मार्चला येतो.

म्हणून यंदा संकल्प जरूर करा, मात्र एकच. मी तुमच्या जागी असते तर चालणे निवडले असते, आणि तासाऐवजी दहा मिनिटे. ‘बँकेतून निघाले की घरी शिरण्यापूर्वी आमराईत दोन फेऱ्या मारीन’, अशा शब्दांत तो लिहा. ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवलेले काम नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या संशोधनातून दाखवले आहे. चालायचे बूट बँकेतल्या कपाटात ठेवा, घरच्यांना सांगा आणि मुदत गुढीपाडव्यापर्यंतची धरा. पाडव्याला सासूबाईंच्या हस्ते त्याचे उद्यापन करा. दुसरी गोष्ट हाती घ्यायची की याच फेऱ्या वाढवायच्या, हे त्या दिवशी ठरवता येईल. बाकीच्या पाच गोष्टी तोवर डायरीतच राहू द्या.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून ठाण्यात राहतो. गेल्या जानेवारीत सलग १९ दिवस रोज १२ सूर्यनमस्कार घातले. मग दोन दिवस ताप आला. मोबाइलमधल्या ॲपने मोजणी शून्यावर आणली आणि त्यानंतर पुन्हा सुरुवात करावीशीच वाटली नाही. हे कसे टाळावे?

उत्तर : ॲपची मोजणी शून्यावर आली, पण १९ दिवसांत शरीराला लागलेले वळण पुसले गेले नव्हते. वर उल्लेखलेल्या लंडनच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असेच आढळले. आपल्याकडेही सुतक आले की घरातली पूजा थांबते आणि ते फिटले की दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सुरू होते. मधल्या दिवसांमुळे आधीची पूजा वाया गेली असे कोणी म्हणत नाही. यंदा ॲपऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि सलग किती दिवस झाले हे न मोजता महिन्यात एकूण किती झाले ते मोजा. आजारपण, प्रवास किंवा रात्रपाळी आली तर काय करायचे, हे आजच त्याच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तापात व्यायाम करू नका. ताप उतरून अंगात पुरेशी ताकद आली की पहिले दोन दिवस दोनच नमस्कार घाला, पण वेळ आणि जागा मात्र रोजचीच ठेवा.