वाचकांचे प्रश्न : ‘रुबी’ लिहिणारी बाई कोण होती?

प्रश्न : माझी मुलगी गोरेगावला एका मराठी मालिकेचे डायलॉग लिहिते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून एपिसोड पाठवते, तरी नातेवाईक भेटले की विचारतात, “ते ठीक आहे, पण खरं लेखन कधी करणार?” मध्यंतरी आम्ही दोघींनी मोबाइलवर ‘रुबी’ ही मेक्सिकन मालिका पाहिली. मुलगी म्हणाली, ही गोष्ट मुळात एका बाईने कॉमिक्ससाठी लिहिलेली आहे. ही बाई कोण होती? तिला तरी लेखिका मानलं का कोणी?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, तिचं नाव योलांदा वार्गास दुल्चे. जन्म मेक्सिको सिटीतला, १९२६ चा. १९९९ मध्ये ती गेली. घरची परिस्थिती बेताची होती. बहीण एल्बा आणि ती मिळून गायच्या, जोडीचं नाव ‘रुबिया इ मोरेना’, म्हणजे गोरी आणि सावळी. रेडिओवरही गायल्या. पण गाण्यावर भागेना, म्हणून योलांदा वर्तमानपत्रांना आणि चित्रकथांच्या मासिकांना गोष्टी लिहून देऊ लागली.

त्या काळात मेक्सिकोत ‘पेपीन’ नावाचं चित्रकथांचं पत्र निघायचं, तेही रोज. ते इतकं खपलं की आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचे, तसं तिथे कुठल्याही कॉमिकला लोक ‘पेपीन’ म्हणू लागले. त्यातल्या गोष्टी क्रमशः चालायच्या. आज नायिकेला दारापर्यंत आणून सोडायचं, दार उद्या उघडायचं. योलांदाची तालीम इथे झाली. १९४० च्या दशकात तिने ‘मेमीन पिंग्वीन’ हा पोरगा याच पत्रात आणला. त्याच्याबद्दल पुढे एकांनी विचारलं आहे, तेव्हा तिथे सांगते.

नवरा गिलेर्मो दे ला पार्रा, तोही लिहिणाराच. दोघांनी स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली आणि १९६२ पासून ‘लाग्रिमास, रिसास इ आमोर’ हे साप्ताहिक काढलं. अश्रू, हसू आणि प्रेम. तपकिरी शाईत छापलेलं, खिशाला परवडणारं. ‘रुबी’ त्यातलीच, चित्रं अंतोनियो गुतिएरेस यांची. ‘मारिया इसाबेल’ ही खेड्यातल्या आदिवासी मुलीची गोष्ट. मेलेल्या मैत्रिणीचं लेकरू कडेवर घेऊन ती शहरात मोलकरीण म्हणून राबते. ‘येसेनिया’ जिप्सी टोळीत वाढलेली, एका लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडलेली. आणि ओयुकी तर थेट जपानमधली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला मी जरा वेळ घेणार आहे.

गिरगावात, ठाकूरद्वाराजवळच्या एका वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या काउंटरवर होते. एक बाई दर शनिवारी यायच्या. नवरा गिरणीत, त्या लोकांकडे पोळ्या करायच्या. एका साप्ताहिकात क्रमशः कादंबरी चालू होती, ती त्यांची मुलगी रात्री घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. चार महिन्यांनी त्या आल्या आणि अनामत रक्कम परत मागितली. दहा रुपये. मी रजिस्टरमध्ये सही घेतली, पैसे दिले. पुढच्या शनिवारी पुन्हा दारात उभ्या. म्हणाल्या, “पुस्तक नको. फक्त सांगा, ती पोरगी माहेरी गेली का सासरीच राहिली?” मी नवा अंक उघडला आणि ते प्रकरण काउंटरवरच त्यांना वाचून दाखवलं. मग दर शनिवारी हेच. समितीतल्या एका सभासदांना ते खटकलं. असल्या अंकांची बांधणी करायची नाही, असा ठरावही त्यांनी करून घेतला. ते अंक रद्दीत गेले. अजूनही माझ्या जिवाला लागून राहिलं आहे ते.

योलांदाची वाचक तीच बाई होती. मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या पोरी, बसमधले कामगार. तिथेही एक अंक दहा हातांत फिरायचा, जुने अंक भाड्याने मिळायचे, ज्याला वाचता येतं तो इतरांना वाचून दाखवायचा. अशा वाचकासाठी लिहिणं सोपं असतं हा गैरसमज आहे. त्याच्याकडे वेळ नाही, पैसा नाही आणि कंटाळा आला तर तो सभ्यपणे शेवटपर्यंत वाचतही बसत नाही.

‘रुबी’चंच बघा. गरीब घरातली देखणी मुलगी, पायाने अधू असलेल्या श्रीमंत मैत्रिणीचा होणारा नवरा पळवते, आणि खरं प्रेम असतं ते डॉक्टर आलेहांद्रोवर. त्या काळच्या लोकप्रिय गोष्टींमध्ये नायिका म्हणजे सोसणारी. योलांदाने मधोमध खलनायिका बसवली, तिला गरिबीचा राग दिला, आणि वाचणारीला तिच्या डोळ्यांतून श्रीमंत घराचा जिना बघायला लावला. शेवटी रुबीचं रूपच हिरावलं जातं. ही शिक्षा मला फार कडक वाटते, पण तोवर आपण तिच्याबरोबर बरंच चालून आलेलो असतो.

शिवाय कॉमिक लिहिणं म्हणजे पटकथाच लिहिणं, ताई. चौकटीत कोण उभं आहे, चेहरा जवळून दिसतो की खोली दिसते, फुग्यात किती शब्द मावतील, पान उलटताना काय दिसेल, हे सगळं लिहिणाऱ्याला चित्रकारासाठी मांडून द्यावं लागतं. म्हणूनच टीव्ही आला तेव्हा तिच्या गोष्टी तयार होत्या. ‘मारिया इसाबेल’ १९६६ मध्ये मालिका झाली, १९६८ मध्ये चित्रपट झाला, १९९७ मध्ये पुन्हा मालिका. ‘रुबी’ १९६८ मध्ये छोट्या पडद्यावर आली, १९७० मध्ये चित्रपटात. तुम्ही पाहिलीत ती बार्बरा मोरीची असेल, २००४ ची. २०२० मध्ये ती आणखी एकदा झाली. आणि ‘येसेनिया’चा १९७१ चा चित्रपट १९७५ मध्ये सोव्हिएत संघात लागला, तेव्हा त्याची नऊ कोटींहून जास्त तिकिटं खपली. तिथे इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्याही परदेशी चित्रपटाला झाली नाही. मेक्सिकोतल्या स्वस्त साप्ताहिकातली गोष्ट, आणि रशियातल्या बायका तिकिटाच्या रांगेत.

लेखिका मानलं का, विचारता. तुमची मुलगी रात्री दोनला एपिसोड पाठवते, त्याला मी खरं लेखन मानते. नातेवाइकांना माझं नाव सांगा.

प्रश्न : मेमीन पिंग्वीनची चित्रं मला नातवाने दाखवली. कृष्णवर्णीय मुलाचं ते चित्रण पाहून वाईट वाटलं. असं पात्र निर्माण करणाऱ्या लेखिकेचं कौतुक करावं का?
– निवृत्त शिक्षक, दादर

उत्तर : सर, मलाही वाईट वाटलं. जाड ओठ, गोल डोळे, माकडासारखा चेहरा. त्याची आई एउफ्रोसिना कपडे धुऊन पोट भरते, तीही अमेरिकेतल्या जुन्या जाहिरातींमधल्या काळ्या दाईसारखी काढली आहे. २००५ च्या जूनमध्ये मेक्सिकोच्या टपाल खात्याने मेमीनची पाच तिकिटं काढली, तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नेत्यांनी आणि व्हाइट हाउसनेही आक्षेप घेतला. राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते फॉक्स यांनी ती मागे घेतली नाहीत. मेक्सिकोत लोकांनी रांगा लावून ती संपवली. त्यांच्या लेखी तो बालपणीचा सवंगडी होता.

गोष्टीत मेमीनवर माया आहे, यात शंका नाही. गिलेर्मोचं लाडाचं नाव मेमो-मेमीन, आणि नवऱ्याच्या लहानपणीच्या खोड्याच तिने या पोराला दिल्या, असं सांगतात. त्याचे तीन मित्र, कार्लांगास, एर्नेस्तिल्यो आणि रिकार्दो, वेगवेगळ्या परिस्थितीतले, आणि एकमेकांसाठी मार खाणारे. पण माया असली म्हणून चित्रातला अपमान पुसला जात नाही. जो मुलगा तसा दिसतो म्हणून वर्गात चिडवला जातो, त्याने हे पान बघितलं तर? मी काउंटरवर असते तर मुलांच्या कपाटात हे ठेवलं नसतं. नातवाला वाचायचं असेल तर तुम्ही शेजारी बसा आणि चित्रांबद्दल बोला. ‘मारिया इसाबेल’साठी मी योलांदाचं कौतुक करते. या चित्रांसाठी करणार नाही.

प्रश्न : (लालबागच्याच ताईंनी पत्राच्या शेवटी जोडलेला) मुलीला या बाईकडून काही घेण्यासारखं आहे का?

उत्तर : एक अगदी व्यवहाराची गोष्ट. योलांदा आणि गिलेर्मो यांनी छापखान्यापर्यंतचा कारभार स्वतःच्या हातात आणला, दुसऱ्याच्या पत्रात गोष्टी देत आयुष्य काढलं नाही. एकच गोष्ट चार-चार वेळा पडद्यावर येते, तेव्हा ती कोणाच्या मालकीची आहे यावर फार काही ठरतं. तुमच्या मुलीने नेमून दिलेल्या मालिकेचे डायलॉग लिहिले, तर त्याचे हक्क बहुधा करारातच गेले असतील. तो करार तिने एकदा शांतपणे वाचावा, न समजलेल्या ओळींखाली रेघ मारावी आणि जाणकाराला विचारावं. पण तिच्या स्वतःच्या वहीत एखादी गोष्ट असेलच. असतेच. ती कोणत्याही चॅनलच्या मीटिंगमध्ये तोंडी सांगण्याआधी कागदावर उतरवून अंधेरीच्या पटकथालेखकांच्या संघटनेत नोंदवून घ्यायला सांगा. सभासदत्व नसेल तर आधी ते. आणि पाठवलेल्या प्रत्येक एपिसोडची प्रत तारखेसकट घरी ठेवा. रद्दीत काही देऊ नका.