पुएब्लाचा जुना भाग पायी कसा पाहावा : नाहीशा झालेल्या नदीच्या दोन्ही काठांवर

आपण विचारले आहे की, कामानिमित्त मेक्सिको सिटीला जाणे होणार असून हाताशी दोन मोकळे दिवस आहेत. तेवढ्यात एखाद्या वसाहतकालीन मेक्सिकन शहराचा ऐतिहासिक भाग पायी नीट पाहता येईल का, आणि येत असेल तर शहर कोणते निवडावे. मी नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे पुएब्ला शहरात राहिले आणि त्या काळातले बहुतेक रविवार मी त्याच्या जुन्या भागात चालण्यात घालवले, म्हणून माझे उत्तर पुएब्लाविषयीच आहे. मेक्सिको सिटीपासून ते सुमारे १३० किलोमीटरवर असून बसने साधारण दोन तास लागतात. विमानतळावरूनही पुएब्लासाठी थेट बस मिळते. मात्र सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत कृपया करू नका. एक रात्र तिथे काढा. सकाळी सातच्या सुमारास रस्ते रिकामे असतात आणि आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेला पोपोकातेपेत्ल हा धुमसता ज्वालामुखी उंच गच्च्यांवरून स्पष्ट दिसतो. दहानंतर बहुधा ढग त्याला झाकून टाकतात आणि दिवसापुरते आलेले पर्यटक त्याला न पाहताच परततात.

चालायला लागण्यापूर्वी या शहराची एक गोष्ट ठाऊक असावी. मेक्सिकोतील अनेक शहरे जुन्या स्थानिक नगरांच्या अवशेषांवर उभी राहिली. पुएब्ला तसे नाही. व्हेराक्रूझ बंदर आणि राजधानी यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर १६ एप्रिल १५३१ रोजी ते मुद्दाम वसवले गेले. ज्या स्पॅनिश लोकांना जहागिरी मिळाल्या नव्हत्या त्यांनी इथे स्वतःच्या श्रमावर शेती करून राहावे, अशी त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात मात्र त्लाश्काला, चोलुला, वेहोत्सिंगो अशा आसपासच्या गावांतून हजारो स्थानिक माणसे बांधकामाला आणली गेली, आणि पहिली घरे त्यांच्याच हातांनी उभी राहिली. पहिली वस्ती तेव्हा इथून वाहणाऱ्या सान फ्रान्सिस्को नदीच्या पूर्वेला होती. पावसात ती टिकली नाही, म्हणून स्पॅनिशांचे शहर पश्चिम काठावर सरकले आणि बांधणाऱ्यांच्या वस्त्या पूर्वेलाच राहिल्या. हे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे चालणे अर्थपूर्ण होते. बहुतेक प्रवासी पश्चिमेची बाजू पाहतात आणि पुएब्ला पाहिले असे मानतात. माझ्या मते दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय हे शहर कळत नाही.

पश्चिमेकडचे शहर दोरी लावून आखलेले आहे: सरळ रस्ते आणि त्यांच्यामध्ये घरांचे लांबट आयताकृती ठोकळे. रस्त्यांना बहुतेक ठिकाणी नावांऐवजी क्रमांक आहेत, आणि पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला गोंधळात टाकतात. पण त्यामागचे गणित समजले की नकाशाची गरज उरत नाही. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते मुख्य चौकाच्या उत्तरेला सम आणि दक्षिणेला विषम क्रमांकांचे आहेत. ते पूर्वेकडे गेले की ‘ओरिएंते’ आणि पश्चिमेकडे गेले की ‘पोनिएंते’ म्हणवतात. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते पूर्वेला सम आणि पश्चिमेला विषम असून त्यांना ‘नोर्ते’ किंवा ‘सूर’ हे शब्द जोडलेले असतात. घरक्रमांकाचा पहिला आकडा आडव्या रस्त्याची खूण सांगतो. उदाहरणार्थ, ‘६ ओरिएंते २०६’ हे घर चौकाच्या उत्तरेला सहा क्रमांकाच्या रस्त्यावर, २ नोर्ते आणि ४ नोर्ते यांच्या मध्ये असणार. हे एकदा पाठ केले की कुठल्याही गल्लीत निर्धास्त शिरता येते.

सुरुवात सोकालोपासून, म्हणजे मुख्य चौकापासून करावी. तीन बाजूंना कमानींचे ओटे आणि दक्षिणेला कॅथेड्रल, अशी त्याची रचना आहे. या कॅथेड्रलचे बांधकाम १५७५ मध्ये सुरू झाले आणि बिशप हुआन दे पालाफोक्स इ मेंदोसा यांच्या कारकिर्दीत १६४९ मध्ये त्याचे समर्पण झाले. जवळजवळ सत्तर मीटर उंचीचे दोन मनोरे, काळपट करडा दगड आणि भोवतीच्या लोखंडी कुंपणावर देवदूतांच्या मूर्ती असे हे काम भव्य असले तरी कठोर वाटते. इथली भलीमोठी घंटा मनोऱ्यावर देवदूतांनी चढवली, अशी आख्यायिका शहरात कोणीही आपल्याला सांगेल. आत मान्वेल तोल्सा या शिल्पकाराने आखलेली मुख्य वेदी अवश्य पाहावी, पण सगळी सकाळ इथे घालवू नये, कारण खरा ठेवा रस्ता ओलांडल्यावर आहे.

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला ५ ओरिएंते या रस्त्यावर, जुन्या धर्मपाठशाळेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पालाफोक्सियाना ग्रंथालय आहे. त्याच बिशप पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये आपली पाच हजार पुस्तके दिली. त्यांची अट अशी की, ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला ती वाचता यावीत, केवळ धर्मगुरूंना नव्हे. आज दिसणारे दालन १७७३ मधले आहे. एका लांब घुमटाकार छताखाली कोरीव लाकडाच्या कपाटांचे तीन थर उभे आहेत. त्यांतला सर्वांत वरचा थर एकोणिसाव्या शतकात वाढवला गेला. पुस्तकांची संख्या आता पंचेचाळीस हजारांवर आहे आणि २००५ मध्ये युनेस्कोने या संग्रहाची ‘जगाच्या स्मृती’ यादीत नोंद केली. आत शिरताच जुन्या लाकडाचा आणि कातड्याच्या बांधणीचा वास येतो. मी तिथे अनेकदा गेले, आणि दर वेळी मला हेच जाणवले की, ज्या सत्तेने या भूमीतील लोकांच्या चित्रलिखित पोथ्या जाळल्या त्याच सत्तेतील एका माणसाने वाचनाचा दरवाजा सर्वांसाठी उघडा ठेवण्याचा आग्रह धरला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. इथे किमान अर्धा तास शांत बसावे.

चौकाच्या उत्तरेला, ५ दे मायो या रस्त्यावर सांतो दोमिंगो चर्च आहे. त्याच्या आतल्या बाजूला रोसारिओचे प्रार्थनामंदिर आहे, ज्याचे समर्पण १६९० मध्ये झाले. चुन्याच्या गिलाव्यात वेली, पाने, मुलांचे चेहरे आणि संतांच्या आकृती उठवून त्यांवर सोन्याचा वर्ख चढवला आहे. भिंतीचा किंवा छताचा हातभर भागसुद्धा मोकळा ठेवलेला नाही. सकाळी घुमटाच्या खिडक्यांतून ऊन आत येते तेव्हा जावे. काही चर्चे दुपारी काही तास बंद असतात आणि संग्रहालये बहुतेक करून सोमवारी बंद असतात, म्हणून दोन दिवसांत सोमवार येणार नाही असे पाहावे.

आता रस्त्यावरच्या घरांकडे वळू, कारण पुएब्लाचा स्वतःचा चेहरा चर्चपेक्षा घरांत अधिक दिसतो. लाल विटा नक्षीत बसवून त्यांच्यामध्ये निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या झिलईच्या फरशा जडवायच्या, आणि खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या चुन्याची फुगीर नक्षी काढायची, ही इथली रीत आहे. ४ ओरिएंते आणि ६ नोर्ते यांच्या कोपऱ्यावरचे ‘कासा दे आल्फेनिके’ हे अठराव्या शतकाच्या अखेरचे घर तिचा उत्तम नमुना होय. आल्फेनिके म्हणजे साखरेच्या पाकाची पांढरी मिठाई; पाडव्याच्या गाठी डोळ्यांसमोर आणल्या की त्या घराला हे नाव का पडले ते आपल्याला लगेच समजेल.

या फरशांची आणि भांड्यांची कला म्हणजे तालावेरा. ती स्पेनमधून आली; पण मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या गलबतांतून चिनी भांडी या देशात उतरत आणि पुएब्लामार्गे व्हेराक्रूझकडे जात, त्यामुळे इथल्या कुंभारांनी चिनी निळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचेही अनुकरण केले. कुंभारांच्या व्यवसाय-संघाचे नियम १६५३ मध्ये लिहिले गेले, आणि २०१९ मध्ये मेक्सिको व स्पेन यांच्या या सामायिक कलेची युनेस्कोने अमूर्त वारशात नोंद केली. बाजारात याच नक्षीची स्वस्त भांडी ढिगाने मिळतात. मीही पहिल्या महिन्यात एका दुकानातून तसा एक मोठा वाडगा अस्सल समजून घेतला होता आणि काही महिन्यांत त्याची नक्षी झिजली. अस्सल वस्तूच्या तळाशी कार्यशाळेचे नाव हाताने लिहिलेले असते, पांढरा रंग किंचित दुधाळ असतो आणि बोट फिरवले तर रंग थोडा उठावदार लागतो. घ्यायची नसली तरी ४ पोनिएंते ९११ येथे १८२४ पासून चालू असलेली उरियार्ते कार्यशाळा पाहून घ्यावी. एकदा खरे काम पाहिले की नजर तयार होते.

६ ओरिएंते या रस्त्याला लोक मिठाईची गल्ली म्हणतात. पूर्वी इथे सांता क्लारा हा जोगिणींचा मठ होता आणि मठाच्या स्वयंपाकघरातली मिठाई आजही त्याच परिसरात विकली जाते. रताळ्याच्या गोड वळकट्या, ज्यांना ‘कामोते’ म्हणतात, आणि भोपळ्याच्या बियांचा गोड लेप दिलेल्या ‘तोर्तिता’ नावाच्या बिस्किटांसारख्या चकत्या या दोन्ही अवश्य घ्याव्यात. रताळ्याचा कीस खाऊन मोठ्या झालेल्या आपल्या जिभेला कामोते परके वाटत नाही. मात्र याच गल्लीत, दुकानांच्या रांगेतच, २०६ क्रमांकाचे घर आहे, जिथे १८ नोव्हेंबर १९१० रोजी आकिलेस सेर्दान आणि त्यांच्या भावंडांनी हुकूमशहा पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीच्या शिपायांशी झुंज दिली. दियास यांच्याविरुद्धच्या मेक्सिकन क्रांतीचा ठरलेला दिवस दोन दिवसांवर होता. बेत फुटला आणि पहिल्या गोळ्या इथेच झडल्या. फरशीखाली लपलेले आकिलेस दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर येताच मारले गेले. दर्शनी भिंतीवरील गोळ्यांची भोके बुजवलेली नाहीत. मिठाई विकत घेऊन बाहेर पडणारी मुले त्या भिंतीसमोरूनच जातात.

इथून एल पारियानचा हस्तकला बाजार ओलांडून पूर्वेकडे चालत गेले की अचानक एक रुंद, गाड्यांनी भरलेला बुलेव्हार्ड आडवा येतो. हीच ती नदी. सान फ्रान्सिस्को नदी १९६० च्या दशकात जमिनीखालच्या नळांत बंदिस्त केली गेली आणि तिच्या पात्रावर रस्ता झाला. बहुतेक पर्यटक इथे थांबून मागे फिरतात. आपण सिग्नल पाहून पलीकडे जा. उत्तरेला विटा-फरशांच्या दर्शनी भागाचे सान फ्रान्सिस्को चर्च आहे, जिथे काचेच्या पेटीत सेबास्तियान दे आपारिसिओ यांचा देह ठेवला आहे. सोळाव्या शतकात या देशात बैलगाड्या बांधणारा आणि त्यांच्यासाठी रस्ते करणारा हा माणूस पुढे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा संन्यासी झाला. आज ट्रक आणि टॅक्सीचालक त्याला आपला पाठीराखा मानतात. दक्षिणेला आनाल्को ही वस्ती आहे. नाहुआत्ल या स्थानिक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पाण्याच्या पलीकडे’, म्हणजे आपले पैलतीर. शहर बांधणारे स्थानिक लोक इथे राहत. घरे बुटकी आहेत, चर्च साधे आहे, आणि रविवारी बागेत हस्तकलेचा बाजार भरतो. पश्चिमेचे सोने पाहून झाल्यावर इथल्या बाकावर थोडा वेळ बसले, तर ते सोने कोणाच्या श्रमातून चढले याचा विसर पडत नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. आपण शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढे सांगून भागत नाही, कारण घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते. ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय) हेही विचारावे. मोले हा इथला प्रसिद्ध मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. भोपळ्याच्या फुलांच्या किंवा मक्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीच्या केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या रोट्या, मात्र पोटभर आणि रुचकर असतात. शहर समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी दम लागला तर घाबरू नये; जून ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर पाऊस येतो. चोलुलाचा मोठा पिरॅमिड जवळच आहे, पण तो या दोन दिवसांत कोंबण्याऐवजी पुढच्या भेटीसाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आनाल्कोहून परतताना सापोसच्या गल्लीतली जुन्या वस्तूंची दुकाने पाहत ४ सूर रस्त्यावरच्या ला कोम्पान्यिया या, जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या चर्चपाशी या. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मी मुद्दाम याच जागेसाठी राखून ठेवायला सांगेन. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल मुलखातील मिर्रा नावाची एक मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती सापडली, कोचीनला तिचा बाप्तिस्मा होऊन तिचे नाव कातारिना दे सान हुआन ठेवले गेले, आणि मनिलाच्या गुलाम बाजारातून ती आकापुल्कोमार्गे पुएब्लात विकली गेली. आशियातून आलेल्या सर्वांनाच तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून ती ‘चिना’ झाली. पुढे मुक्त होऊन तिने विरक्त आयुष्य काढले आणि ५ जानेवारी १६८८ रोजी तिचे निधन झाले तेव्हा लोकांनी तिला संत मानले. तिचे चरित्र जेझुइटांनी लिहिले, त्यामुळे त्यातले चमत्कार बाजूला ठेवून वाचावे लागते. इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, तर त्या चरित्रावर बंदीच घातली. ‘चिना पोब्लाना’ (पुएब्लाची चिना) हा मेक्सिकोचा प्रसिद्ध पोशाख तिच्यावरून आला असे सांगतात, पण तो पोशाख एकोणिसाव्या शतकातला असून तिच्याशी त्याचा संबंध दाखवता येत नाही.

तिची समाधी याच चर्चच्या आतल्या दालनात आहे, जिथे पाद्री पूजेची वस्त्रे चढवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते दार बंद होते. मी भारतातून आले आहे असे सांगितल्यावर तिथल्या वयस्कर सेवकाने किल्ली आणून दार उघडले आणि मला आत एकटीला थांबू दिले. आपणही विचारून पाहा.