जिभेच्या कडेला महिन्याभरापासून न दुखणारा फोड आहे, कशामुळे असेल?

तुम्ही सांगताय तसा न दुखणारा फोड गुलाबी, गुळगुळीत आणि दाढेच्या समोरच असेल तर बहुतेक तो फायब्रोमा असणार, म्हणजे तुटलेल्या किंवा टोकदार दाढेनं तीच जागा परत परत चावली जाते आणि तिथं घट्ट मांस वाढतं. सांगलीत दातांच्या दवाखान्यात रोज जिभा बघते, त्यात हे नेहमीचंच. आरशात बघून बोटानं शेजारची दाढ चाचपा, धार लागली तर दातांच्या डॉक्टरकडून ती घासून गुळगुळीत करून घ्या, गाठ मात्र बहुतेकदा आपोआप जात नाही, जागा बधिर करून काढावी लागते.

बाकी शक्यता:
- टोकावर लालसर-पांढरा, झोंबणारा बारीक फोड: रुची घेणारी पुटकुळी सुजलेली असते, काही दिवसात बसते
- फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा खरबरीत: पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी वाढ, व्हायरसमुळे
- एकदम मागं इंग्रजी व्ही आकारात मोठे दाणे: हे सगळ्यांनाच असतात, घाबरू नका

पण नुसत्या वर्णनावरून कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. 2-3 आठवड्यांवर टिकलेली कुठलीही गाठ दाखवायलाच पाहिजे, तुमचा तर महिना झालाय. त्यात तंबाखू, गुटखा, मिश्री असेल, गाठ कडक लागत असेल, रक्त येत असेल तर उद्याच जा, सांगली-मिरजेला सिव्हिलमध्ये सोय आहे, आणि बायप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) करा म्हणाले तर टाळू नका, सुई लावल्यानं कॅन्सर पसरतो हे खरं नाही.