वाचक विचारतात : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

प्रश्न : नकाशावर पट्टी ठेवून लंडन–न्यूयॉर्क अंतर मोजलं, पण ते कुठेच जुळत नाही. नेमकं कसं काढायचं?

उत्तर : सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, मर्केटर नकाशात (भिंतीवरच्या जगाच्या नकाशांचा एक नेहमीचा प्रकार) ६० अंश अक्षांशावर तर दुप्पट. म्हणून पट्टी सोडा, कॅल्क्युलेटर घ्या. तो अंशांवर लावलेला आहे ना, हे आधी बघा, उत्तर हमखास तिथेच चुकतं. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ अंश उत्तर, ०.५ पश्चिम. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५०९. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा, म्हणजे ७३.३ चा कोसाइन, या तिघांचा गुणाकार ०.१३६. बेरीज ०.६४५, तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ४९.८ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे ५,५४० किमी. एक शहर पूर्व रेखांशावर, दुसरं पश्चिम असेल तर फरकाऐवजी बेरीज घ्या. दक्षिण अक्षांश उणे धरा.

प्रश्न : ताशी ८८० किमी वेगाने हे अंतर सव्वासहा तासांत संपायला हवं. मग जाताना जवळपास आठ तास आणि येताना सातच, असं का?

उत्तर : तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान गेटवरून हललं की तो सुरू होतो आणि उतरून जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण यांत अर्धा तास सहज जातो, गर्दीच्या विमानतळावर जास्तच.

बाकीचा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो; न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो, लंडनला येताना पाठीमागून. विमानाचा ८८० हा वेग हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नव्हे. समोरून १०० चा वारा असला तर जमिनीवरचा वेग ७८० आणि वेळ ७ तास ६ मिनिटं; पाठीमागून असला तर ९८० आणि ५ तास ३९ मिनिटं. वारा नसता तर ६ तास १८ मिनिटं. म्हणजे जाताना ४८ मिनिटं गेली, येताना मिळाली ३९च! जाण्या-येण्याची भरपाई कधीच पूर्ण होत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ वादळी वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

शिवाय सगळ्यात जवळचा मार्ग मिळेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे तेरावर गेला.

प्रश्न : लंडनहून ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचतो. तीनच तास?

उत्तर : दोन्ही वेळा स्थानिक आहेत. न्यूयॉर्क ५ तास मागे, म्हणून ३ अधिक ५, एकूण ८. मात्र मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर आठवडाभर हा फरक ४ तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळ पुन्हा तपासा.