क्ली कायचा बुजरेपणा, हाक आणि नखे

तुमच्या पाच महिन्यांच्या अलास्कन क्ली काय या, हस्कीसारख्या दिसणाऱ्या लहान कुत्र्याच्या जातीच्या पिल्लाबद्दल तुम्ही तीन अडचणी मांडल्या आहेत: न्यू जर्सीतल्या तुमच्या घरी पाहुणे आले की तो सोफ्यामागे जाऊन एकसारखा भुंकतो, बाहेर हाक मारली तर येत नाही, आणि नखे कापायला घेतली की शेजारी धावत येतील इतक्या जोराने किंचाळतो. हस्कीच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहून काहीच फरक पडला नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडे मिनेसोटात याच जातीची मिरी बरीच वर्षे आहे. तिच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बुजरेपणा आहे, आणि बसणे, थांबणे वगैरे शिकवण्याआधी त्याच्यावर काम करायला हवे.

हे का, ते समजण्यासाठी या जातीचा इतिहास थोडा माहीत असावा. अलास्कातील वासिला येथे लिंडा स्पर्लिन यांनी १९७० च्या दशकात ही जात घडवायला सुरुवात केली. अलास्कन आणि सायबेरियन हस्की यांच्याबरोबर स्किपर्की आणि अमेरिकन एस्किमो या लहान जातींचा संकर त्यात आहे. चेहरा आणि रंग हस्कीचे, परंतु घरात सोबतीला राहील असा कुत्रा त्यांना हवा होता. १९८८ पासून पिल्ले इतरांना मिळू लागली आणि १९९७ मध्ये युनायटेड केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. सायबेरियन हस्की सहसा अनोळखी माणसाकडेही आनंदाने जातो. क्ली काय घरच्यांना बिलगून राहतो आणि परक्यांपासून अंतर राखतो. जातीच्या मानकातच हा स्वभाव नोंदलेला आहे. त्यामुळे तुमचे पिल्लू बिघडलेले नाही, मात्र या सावधपणाचे भीतीत रूपांतर होऊ न देणे तुमच्या हाती आहे.

पाहुण्यांच्या बाबतीत आपल्या घरांत एक गोष्ट हमखास घडते. दारातून आलेली मंडळी "अय्या, किती गोड!" म्हणत थेट पिल्लावर वाकतात, मुले त्याला उचलायला धावतात आणि आपण भिडेपोटी गप्प राहतो. पिल्लाच्या दृष्टीने ही माणसे अंगावर चालून आलेली असतात. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की त्याच्याकडे पाहायचे नाही, हात पुढे करायचा नाही, फक्त बसून गप्पा मारायच्या. पाहुण्याच्या हाती उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे द्या आणि ते पिल्लाच्या पाठीमागे टाकायला सांगा. समोर टाकलेला तुकडा खाण्यासाठी त्याला भीती असतानाही जवळ यावे लागते, आणि खाऊन झाल्यावर आपण परक्या माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत हे लक्षात येताच ते दचकून भुंकते. तुकडा मागे पडला की ते माघारी वळते, सुरक्षित अंतरावर खाते आणि पुन्हा आपणहून एक पाऊल पुढे येते. ते पाऊल त्याने स्वतः टाकलेले असते, म्हणून त्याचे मोल मोठे. काही भेटींनंतर मिरी सोफ्याच्या कडेला येऊन पाहुण्यांच्या बुटांचा वास घेऊ लागली. तिला उचलून कोणाच्या मांडीवर ठेवले असते तर हे झाले नसते, याची मला खात्री आहे. गणपतीत टाळ आणि झांजा वाजणार असतील तर त्यांचे ध्वनिमुद्रण आत्तापासूनच अगदी हळू आवाजात, त्याचे जेवण चालू असताना लावत जा. प्रत्यक्ष आरतीच्या वेळी मात्र त्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवणेच बरे.

भुंकल्याबद्दल रागावू नका, आणि गळपट्ट्याला हिसका तर कधीच देऊ नका. घाबरलेल्या पिल्लाला शिक्षा झाली की पाहुणे आल्यावर वाईट घडते, हा त्याचा समज पक्का होतो.

आता हाक. मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा नाही, हा नियम या जातीसाठी मी आयुष्यभराचा मानतो. खार दिसली की त्यांच्यातली शिकारी वृत्ती जागी होते आणि त्या क्षणी तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा धोका गळपट्ट्याचा. घाबरलेला क्ली काय पुढचे पाय रोवतो, मान खाली घालतो, कान मागे चपटे करतो आणि उलट्या पावलांनी जोर लावतो. मानेवर केस दाट असल्यामुळे घट्ट वाटणारा पट्टा पाहता पाहता डोक्यावरून निघून येतो. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस वापरा, आणि शक्य असेल तर छातीमागे पोटाभोवती आणखी एक पट्टा असलेला घ्या. हाकेचा सराव घराच्या बोळात सुरू करावा: दोन टोकांना दोघांनी बसायचे, आळीपाळीने एकदाच नाव घ्यायचे आणि तो आल्यावर भरपूर कौतुक करून खाऊ द्यायचा. तिथे जमले की वीस-तीस फुटांच्या लांब दोरीवर बागेत. आंघोळीसाठी किंवा खेळ थांबवण्यासाठी त्याला हाक मारू नका, त्या वेळी जाऊन अलगद घेऊन या. चुकून सुटलाच तर मागे धावायचे नाही. उलट दिशेला पळत जाऊन आनंदाने ओरडायचे किंवा सरळ जमिनीवर बसायचे. पाठलाग केलात तर तो आणखी लांब जाईल.

नखांच्या वेळची किंकाळी ऐकून अंगावर काटा येतो, हे खरे आहे. पण या जातीत ती नुसत्या धास्तीनेही निघते, दरवेळी लागलेलेच असते असे नाही. कापणे सध्या पूर्ण थांबवा. आधी फक्त पंजाला बोट लावायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. त्याने पंजा मागे घेतला नाही तरच पुढची पायरी: पंजा क्षणभर हातात धरणे, मग कात्री शेजारी ठेवणे, मग ती नखाला नुसती टेकवणे. त्यानंतर एका बैठकीला एकच नख. पंजा ओढून घेतला तर सोडून द्या, कारण आपले म्हणणे ऐकले जाते हे कळल्यावरच तो पंजा देऊ लागतो. दाट दुहेरी केसांच्या विंचरणीसाठीही हीच पद्धत लागू पडते. वर्षातून साधारण दोनदा आतली लव पुंजक्यांनी गळते. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नका, फिरणे सकाळी आणि सायंकाळी ठेवा.

खाऊबाबत एवढेच, की फोडणीतला कांदा-लसूण आणि प्रसादातले बेदाणे कुत्र्यांसाठी विषारी आहेत. घरातल्या आजी-आजोबांना हे मुद्दाम समजावून सांगा, कारण ताटातला घास मायेने देणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

नाशिकच्या भावासाठी पिल्लू मिळेल का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत या केसाळ कुत्र्याला दिवसचे दिवस वातानुकूलित खोलीत कोंडावे लागेल, म्हणून मी नको म्हणेन. शिवाय याच्याऐवजी पॉमस्की घ्यावे असे वाटले तर लक्षात घ्या, की त्या नावाने जी पिल्ले विकली जातात ती पॉमेरेनियन आणि हस्की यांच्या संकराची असतात, आणि ती मोठी होऊन किती वाढतील हे विकणाराही खात्रीने सांगू शकत नाही.

तुमच्या पिल्लाची नसबंदी पुढे कधीतरी कराल, त्याआधी एक काम मात्र नक्की करा. या जातीत रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर सात या घटकाची आनुवंशिक कमतरता आढळते. एरवी तिची लक्षणे सहसा दिसत नाहीत, पण शस्त्रक्रियेत रक्तस्राव अपेक्षेपेक्षा जास्त होऊ शकतो. तिची जनुकीय चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही होते. पिल्लू ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे आई-वडिलांचे अहवाल मागा, ते नसतील तर पशुवैद्यांना सांगून चाचणी करून घ्या, आणि निकाल हाती आल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवा.