वाड्यात नुसते पोवाडेच?

प्रश्न : पुण्याच्या विश्रामबागवाड्यात आमचं मंडळ इतिहास-लोककलांची संध्याकाळ करणार आहे. सगळे म्हणतात, पोवाडेच ठेवा. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : पोवाडा हवाच, पण या वाड्याचं स्वतःचं काही सांगा ना! दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला, 1807 साली पुरा झाला. त्यांचाच आश्रय असलेल्या होनाजी बाळांची लावणी इथे ढोलकी-तुणतुण्यावर व्हायलाच हवी. पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा भरली, 1879 मध्ये आगीत वाड्याचा भाग जळाला. हे निवेदनात दोन-तीन वाक्यांत येऊ द्या.

आणि माझा खरा आग्रह जात्यावरच्या ओव्यांचा. मावळ-मुळशीकडच्या आजीबाई बोलवा. जातं खरं आणा, त्यात मूठभर ज्वारी घाला. हात फिरू लागला की ओवी आपसूक येते, नुसतं माइकसमोर बसवलं तर त्या संकोचतात. साथीला दुसरी बाई हवीच. त्यांना गाडीभाडं आणि शाहिराइतकंच मानधन द्या, नुसत्या साडी-नारळावर बोळवण करू नका. ध्वनिमुद्रण करणार असाल, तर आधी त्यांना विचारा आणि ओवी कुणाकडून शिकल्या तेही लिहून घ्या.